पाह्यलंस का ऐकलंस?

आमच्या महाराजांना जाऊन येत्या माघात आठ वर्षं होतील. यंदाच्या पुण्यतिथीला त्यांच्या आठवणींची स्मरणिका काढायची असं मठात ठरलं आणि लिहायचं काम माझ्याकडं आलं, कारण मी मराठीचा मास्तर, हरिपाठ मठातच शिकलेला, आणि मोबाईलवर मराठी टाईप करायला मला जमतं. दिवाळीपासून मी ज्याच्या त्याच्या घरी जाऊन बसायलोय. मोबाईल चालू करून समोर ठेवतो, चहा येतो, आणि माणसं बोलायला लागतात. औसा, निलंगा, उमरगा, लोहारा, इकडं तुळजापूरपर्यंत जाऊन आलो. त्यातलं सगळं स्मरणिकेत बसणार नाही आणि काही बसू दिलं जाणार नाही असंही आता दिसतंय, म्हणून इथं लिहितोय. महाराजांचं नाव लिहीत नाही, गावाचंही नाही. सप्ताहाच्या पत्रिकेवर नाव मोठ्या अक्षरात छापलं तरी त्यांना आवडायचं नाही, आणि ज्यांना माहीत आहे त्यांना न सांगता कळेल.

आधी काहिलीचं सांगतो.

माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. तेरणेच्या पलीकडच्या एका गावात सप्ताह होता, काल्याचं कीर्तन महाराजांचं, आणि आदल्या रात्री वरच्या अंगाला असा पाऊस झाला की सकाळी नदी दुथडी भरून चाललेली. तरी महाराज वेळेवर पोचले, कीर्तन झालं, काला झाला. इथपर्यंत सगळ्यांचं एक आहे. पोचले कसे ते मात्र प्रत्येकाचं वेगळं. एका काकूंनी सांगितलं की महाराज पाण्यावरून चालत आले, धोतराचा काठसुद्धा भिजला नव्हता. मी विचारलं काकू तुम्ही होतात का तिथं, तर म्हणाल्या मी कुठली, माझी सासू सांगायची. दुसऱ्या एकानं सांगितलं की वसुदेवाला यमुनेनं दिली तशी तेरणेनं वाट दिली. तिसरा म्हणाला म्हशीची शेपटी धरून आले. मग कुणीतरी म्हणालं, अरे ते नदीकाठचे गुऱ्हाळवाले आबा अजून आहेत, त्यांना विचार की.

आबा नव्वदीच्या घरात आहेत. ऐकू कमी येतं, नातू कानाशी जाऊन ओरडून प्रश्न सांगतो. प्रश्न कळल्याबरोबर आबा हसले आणि म्हणाले, "काहिलीत बशिवलं की मी त्येंला." गुळाची काहील किती मोठी असते ते गुऱ्हाळ पाहिलेल्याला सांगायला नको, दोन-तीन माणसं सहज मावतात, आणि पूर्वी पुराच्या वेळी काहिलीत बसवून माणसं पलीकडं न्यायची पद्धतच होती. आबांनी काहील पाण्यात सोडली, महाराज मधे बसले, आबा आणि त्यांचा भाऊ दोन बाजूंनी काठ धरून पोहत ढकलायला. पुढचं आबांच्याच शब्दात लिहितो, रेकॉर्डिंग आहे माझ्याकडं: "म्हाराजाला पवता येत नव्हतं. लई भ्याले होते. माझं मनगट धरलं ते पलीकडं जाईस्तोवर सोडलं नाही, नखं रुतली पार. तोंडानं इठ्ठल इठ्ठल मोठ्यानं चालू. मधी काहील गरकन फिरली तवा रडले बी. पलीकडं उतरल्यावर म्हणले, आबा, लोकं वाट बघत आसतील म्हणून आलो, न्हाईतर आलो नसतो. आन् वल्ल्या धोतरावरच कीर्तन केलं."

हे ऐकून मी गाडीवर घरी येताना रस्त्यात दोनदा थांबलो. वीस-बावीस वर्षं त्यांच्याजवळ उठलो बसलो, पण महाराज त्या दिवशी जितके जवळचे वाटले तितके कधीच वाटले नव्हते. आणि ही गोष्ट एका नव्वदीच्या माणसाजवळ एवढी वर्षं पडून होती, कुणी विचारायलाच गेलं नाही, कारण पाण्यावरून चालल्याची गोष्ट सगळ्यांना पुरत होती.

आता हे मी विचारतो का, "तुम्ही होतात का तिथं" म्हणून? ते महाराजांनीच लावलेलं वळण आहे. मी सहावीत होतो. मठातल्या सप्ताहात एका संध्याकाळी काळंकुट्ट आभाळ आलं, वारं सुटलं, मंडपाचे खांब हलायला लागले, आणि कीर्तन संपेपर्यंत पाऊस काही पडला नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत मी सगळ्यांना सांगितलं की महाराजांनी हात वर केला आणि पाऊस थांबला. हे फिरत फिरत महाराजांच्या कानावर गेलं. त्यांनी मला बोलावलं, समोर बसवलं आणि विचारलं, "पाह्यलंस का ऐकलंस?"

मी म्हणलं, पाह्यलं. तुम्ही हात वर केला होता.

"कशाला केला होता?"

मी गप्प.

"लेकरा, टाळकऱ्यायला थांबा म्हणून हात केला होता मी. मला दम लागला होता. पाऊस पलीकडच्या शिवारात पडला, तितल्या लोकायची रास भिजली. ते बी मीच केलं का मग?" आणि मग ज्या ज्या पोरांना सांगितलं त्या सगळ्यांना जाऊन खरं सांगून ये म्हणाले. गेलो आणि सांगितलं. पोरं हसली. पण तेव्हापासून माझ्या डोक्यात ते वाक्य बसलं ते बसलंच. ते सगळ्यांनाच असं विचारायचे, भांडण घेऊन आलेल्या भावाभावांना, सुनेची तक्रार घेऊन आलेल्या सासूला, अमक्या महाराजांच्या अंगाऱ्यानं तमक्याचा कॅन्सर गेला सांगणाऱ्याला. पाह्यलंस का ऐकलंस?

पुढं लातूरला बी.ए. करताना मला लीळाचरित्र लागलं अभ्यासाला, आणि मला एकदम वाटलं की हे तर आमच्या महाराजांचंच बोलणं आहे. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. महानुभाव पंथ सुरू करणारे चक्रधरस्वामी मूळचे गुजरातचे, पण फिरले आपल्या भागात, पैठणला आणि गोदावरीच्या काठानं. ते गेल्यावर त्यांचे शिष्य ऋद्धिपूरला, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यात, स्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांच्या जवळ जमले. तिथं म्हाइंभट नावाच्या विद्वान शिष्यानं ठरवलं की स्वामींच्या आठवणी गोळा करायच्या. शके १२०० च्या आसपास, म्हणजे साधारण १२७८ साल. स्वामींच्या नंतर पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांना विचारलं, बाकीच्या शिष्यांना विचारलं, बायांना विचारलं, आणि ज्यानं जसं सांगितलं तसं लिहिलं. मराठीतला पहिला गद्य ग्रंथ असा तयार झाला, माणसांना विचारून विचारून. एकच प्रसंग दोघांनी वेगळा सांगितला तर महानुभावांच्या पोथ्यांत ते पाठभेदसुद्धा जपलेत, त्याला ते 'वासना' म्हणतात. कुणी एक खरा आणि बाकीचे खोटे असं करून फेकून दिलं नाही. आणि काय काय लिहिलंय त्यात! स्वामी कुठं जेवले, त्याला आरोगणा म्हणायचे, कुठं झोपले, त्याला पहुड, कुणावर रागावले, कुणाची समजूत काढली. ससा पारध्यांच्या भीतीनं पळत येऊन स्वामींच्या मांडीखाली लपला ती लीळा तर सगळ्यांनी शाळेत वाचलीच असेल. साडेसातशे वर्षं होत आली, तरी वाचताना असं वाटतं की हे लोक आत्ताच स्वामींजवळून उठून आलेत.

सुट्टीत गावाकडं आलो तेव्हा मी दबकतच महाराजांना विचारलं, वारकऱ्याच्या मठात महानुभावांचं पुस्तक वाचलं तर चालेल का. ते म्हणाले, वाच. मग त्या उन्हाळ्यात रोज रात्री हरिपाठ झाल्यावर अंगणात कंदिलापाशी मी वाचायचो, जुनी मराठी असल्यामुळं मधे मधे थांबून अर्थ सांगायचो, आणि महाराज भिंतीला टेकून ऐकायचे. महानुभावांच्याच ‘स्मृतिस्थळ’ या दुसऱ्या ग्रंथात नागदेवाचार्यांना एका शिष्यानं संस्कृतात लिहू का विचारलं तर ते म्हणाले की नको, त्यानं माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, म्हणजे ज्या म्हाताऱ्या बायांना संस्कृत येत नाही त्यांच्या हातून हे सगळं जाईल, हे मी वाचून सांगितलं तेव्हा महाराज ताठ बसले. म्हणाले, "परत सांग." मी परत सांगितलं. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. हे मी पाहिलेलं आहे.

म्हणून या वेळी मी मुद्दाम म्हाताऱ्यांकडं आधी गेलो.

मठात तीस-पस्तीस वर्षं स्वयंपाक केलेल्या एक अक्का आहेत. आठवणी सांगा म्हणलं की बापे लोक कीर्तनाचं सांगतात, कुठल्या अभंगावर कसं निरूपण केलं, किती माणूस जमलं. अक्कांना ते काही आठवत नाही. त्यांना आठवतं की महाराजांना ताज्या भाकरीपेक्षा सकाळची शिळी भाकरी आवडायची आणि तिच्यावर येसराची आमटी, की ते ताट स्वतः घासायचे, की एकादशीला भगर नको म्हणायचे, पोट दुखतं म्हणून, नुसत्या शेंगदाण्यावर राहायचे. आणि अक्का अशा सांगत सांगत एका ठिकाणी थांबल्या. त्यांचे मालक गेले तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या. कपाळ रिकामं. हळदीकुंकवाला कुणी बोलवत नव्हतं, लग्नाच्या मांडवात मागं बसायचं, समोरून आल्या तर लोक थांबायचे. मठात पहिल्यांदा आल्या तेव्हा कीर्तन संपल्यावर बुक्का लावायला सुरुवात झाली आणि त्या उठून मागं जायला लागल्या. महाराजांनी हाक मारली. "ए माय, कुठं चाललीस? ह्यो बुक्का हाय, कुक्कू न्हाई. ह्यो समद्यायला आसतो." आणि स्वतःच्या हातानं लावला. अक्का म्हणाल्या, "घरी गेल्यावर आरशात बघितलं. लई दिसानं कपाळावर कायतरी होतं."

पुढं त्याच अक्कांना सप्ताहात वीणेचा पहारा दिला. सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते, दोन-दोन तासांचे पहारे लावून माणसं उभी राहतात, आणि आमच्याकडं बाईच्या, त्यातून विधवा बाईच्या गळ्यात वीणा घालायची म्हणजे गावात काय झालं असेल ते सांगायला नको. दोन घरांनी पंगत दिली नाही त्या वर्षी. महाराजांनी त्यावर काही भाषण केलं नाही, दुपारच्या उन्हाचा पहारा अक्कांचा होता आणि त्यांच्या नंतरचा महाराजांनी स्वतः घेतला, म्हणजे वीणा अक्कांच्या गळ्यातून सरळ त्यांच्या गळ्यात. पुढच्या वर्षी त्या दोन घरातल्या एका घरची सासू पहाऱ्यात नाव द्यायला आली.

वेळ अमावस्येचं पण सगळ्यांना आठवतं. आमच्या लातूर-धाराशिवकडं येळवस म्हणजे दिवाळीपेक्षा मोठा सण, ज्याचं त्याचं रान, रानात कडब्याची कोप करायची, पांडवांची पूजा, भज्जी, उंडे, आंबील, सगळं गाव ओस पडतं. पण ज्याला रानच नाही त्यानं कुठं जायचं? मठाला चार एकर कोरडवाहू जमीन आहे. महाराज आदल्या दिवशी वस्तीवर फिरून भूमिहीन घरांना सांगून यायचे, उद्या आपल्या रानात या, आणि बोलवणं देताना चुकूनही "मठाच्या रानात" म्हणायचे नाहीत, "आपल्या". माझ्या वर्गातला एक मित्र त्यातलाच. तो आता पुण्याला कंपनीत आहे. फोनवर म्हणाला, मला लहानपणी खरंच वाटायचं की ते रान आमचं आहे.

आता माझी स्वतःची एक. बारावीनंतर सप्ताहाचा हिशेब माझ्याकडं असायचा. एका वर्षी सगळं मिटल्यावर अकरा रुपये जास्त निघायला लागले. वहीत नोंद नाही आणि डब्यात अकरा रुपये जादा. मी म्हणलं जाऊ द्या, जास्तच आहेत, कमी असते तर गोष्ट वेगळी. महाराज म्हणाले कंदील घे. रात्री साडेदहापासून बसलो, एकेक पावती, एकेक नाव. मधे त्यांनी मला नाथांची गोष्ट सांगितली, देवगिरीवर जनार्दनस्वामींकडं असताना एका पैच्या चुकीसाठी एकनाथ रात्रभर जागे राहिले आणि चूक सापडल्यावर टाळी वाजवली ती. मला माहीत होती, प्रत्येक वारकऱ्याच्या पोराला माहीत असते, पण ते सांगायला लागले म्हणून ऐकली. आमची चूक काही रात्री सापडली नाही. पहाटे काकड्याच्या आधी ते एकदम म्हणाले, ती गोवऱ्या विकणारी म्हातारी आली होती का रे परवा? आली होती. तिनं डब्यात काहीतरी टाकलेलं मला अंधुक आठवलं, गर्दीत पावती राहिली. काकडा झाल्यावर मला घेऊन तिच्या दारात गेले. म्हातारीनं सांगितलं, व्हय, मीच टाकले, माझ्या लेकाच्या नावानं. लेक मुंबईला जाऊन परत आला नव्हता. तिच्या दारातच बसून मी पावती लिहिली, लेकाचं नाव घातलं, आणि महाराजांनी ती तिला वाचून दाखवली. येताना रस्त्यात फक्त एवढंच म्हणाले, "वहीत न्हाई तर तिचा लेक कुठं हाय मग?"

दोन दिवस झोप लागली नाही मला त्या वाक्यानं.

ते रागीट होते हे पण लिहिलं पाहिजे. काठी नाही उचलली कधी, पण जीभ फार तिखट. मठात राहून शिकणाऱ्या एका पोरावर त्यांनी शेंगदाण्याचा डबा चोरल्याचा आळ घेतला, चार लोकांसमोर बोलले. डबा पुढं धान्याच्या कणगीमागं सापडला, उंदरांनी पालथा केलेला. दुसऱ्या दिवशी काकड्याला महाराजांनी टाळ खाली ठेवले, त्या पोरासमोर गेले, आणि सगळ्यांच्या देखत दोन्ही कान धरून म्हणाले, मी चुकलो. पोरगं तेरा वर्षांचं. ते आता एसटीत ड्रायव्हर आहेत आणि पखवाज वाजवतात. मला सांगताना त्यांचा आवाज फुटला, म्हणाले, "सर, माझ्या बापानं आयुष्यात मला कधी चुकलो म्हणलं नाही."

२०१६ चा दुष्काळ सगळ्यांना आठवतो. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर, टीव्हीवर सारखं तेच. त्याच आठवड्यात रामनवमी होती. कीर्तनाआधी पाद्यपूजेला एक घागर आणून ठेवली तर महाराजांनी पाय मागं घेतले. घागर उचलून स्वतः गोठ्यात नेली आणि गाईला पाजली, तोपर्यंत सगळा मंडप उभा. नंतर नुसती फुलं वाहा म्हणाले. पुढं पाऊस चांगला झाला तरी पाद्यपूजा पुन्हा कधी करू दिली नाही.

आता किल्लारीचा भूकंप.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून लोक दमून झोपलेले. आमच्या गावाला भिंती फाटल्या, मठाची पागोळीची बाजू ढासळली, माणूस गेलं नाही. मी सातवीत. मला आठवतं ते एवढंच की आईनं अंगणात ओढत आणलं आणि सगळी कुत्री एकदम भुंकत होती. उजाडायच्या आत कळलं की किल्लारीकडं गावंच्या गावं बसली. महाराज फावडी, टिकाव, पहारी घेऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेले, सोबत गावातली चौदा-पंधरा माणसं. त्यातले आता तिघं राहिलेत. दोघांना फार सांगता येत नाही. तिसरे तात्या.

तात्यांकडं मी तीनदा गेलो. पहिल्यांदा ते सोयाबीनच्या भावावर बोलत राहिले. दुसऱ्यांदा सुरुवात केली आणि हातानंच खूण केली की ते बंद कर. मोबाईल बंद केला, तरी बोलले नाहीत, आम्ही नुसतेच बसून राहिलो. तिसऱ्यांदा त्यांनीच निरोप पाठवला की ये.

नऊ दिवस राहिलो म्हणाले. वरून पाऊस. जिथं हात घालावा तिथं माणूस. जाळायला लाकूड नाही म्हणून पडलेल्या घरांच्याच तुळया आणि खांब ओढून सरण रचायचे. महाराजांनी त्या दिवसांत कीर्तन केलं नाही, भजन केलं नाही, कुणाला उपदेश केला नाही. प्रेताच्या तोंडात पाणी घालायचे, कपाळाला बुक्का लावायचे, आणि पुढच्या ढिगाऱ्याकडं जायचे. बुक्का तिसऱ्या दिवशी संपला, मग नुसता हात लावायचे.

एक माणूस होता, शेतकरी, बायको आणि तीन लेकरं गेलेली. त्यानं महाराजांच्या गळ्यातली माळ मुठीत धरली आणि विचारलं, देवानं असं कामून केलं? तुमी म्हाराज हाव, तुमी सांगा.

महाराज म्हणाले, "मला म्हायीत न्हाई."

तात्या म्हणाले, "मी बाजूलाच हुतो. एवढंच म्हणले. मग त्येच्यापाशी बसले. एकच घोंगडी हुती, दोघायनं पांघरली. रातभर बसले. शबूद न्हाई. सकाळच्या पारी म्हाराजानं तीन दगडं मांडून चुलीवर च्या केला आन् त्येला पाजला. साखर न्हवती."

परत आल्यावर कार्तिकीपर्यंत महाराजांनी कीर्तन केलं नाही. नित्यनेम चालू, पण कीर्तनाला उभे राहिले नाहीत. आणि मठाचं माळवद उतरवायला घेतलं. आमच्या भागातली जुनी घरं कशी होती ते नव्या पोरांना माहीत नसेल, दगड-मातीच्या दोन-अडीच फुटी भिंती आणि वर लाकडावर मातीचा जाड थर, गळतं म्हणून वरून आणखी माती टाकत राहायची, उन्हाळ्यात गार पण डोक्यावर केवढं वजन. किल्लारीला बहुतेक माणसं त्याच मातीखाली गेली. महाराज स्वतः घमेली वाहत होते, महिनाभर, वर पत्रे टाकले. आणि पुढची चार-पाच वर्षं कुठंही कीर्तन असलं, अभंग कुठलाही असो, शेवटी एकच, माळवदावरची माती उतरवा. हे मी स्वतः ऐकलंय, कितीतरी वेळा. लोक कंटाळायचे. हे काय कीर्तन आहे का म्हणायचे. ते म्हणायचे, घरी जाऊन वर बघा आणि मग सांगा.

गेल्या रविवारी मठात स्मरणिकेची मीटिंग झाली. मी सगळं वाचून दाखवलं. किल्लारीचं वाचताना सगळे शांत होते, मला वाटलं पटलं. पण मग आमचे सगळ्यात जुने गुरुबंधू म्हणाले की "मला म्हायीत न्हाई" हे काढ. महाराजांना माहीत नाही असं छापायचं का? काहिलीत रडले हे पण काढ, कान धरले ते पण. लोक श्रद्धेनं वाचणार. बाकीच्यांनी मान हलवली. मी म्हणलं, हे वाक्य काढायचं असेल तर माझं नाव पण काढा. आवाज चढला माझा, मठात कधी चढवला नव्हता.

नंतर ते गुरुबंधू मला बाहेर चिंचेखाली घेऊन गेले. म्हणाले, बाळा, लोकांना धरायला काहीतरी लागतं रे. त्यांचा मुलगा लहानपणी तापानं फणफणला होता, आचके द्यायला लागला होता, महाराज रात्रभर त्याच्या उशाला बसले आणि सकाळी ताप उतरला. त्यांच्या दृष्टीनं तो महाराजांनी उतरवला. ती आठवण मी त्यांनी सांगितली तशीच्या तशी लिहिलीय, खाली त्यांचं नाव आणि "स्वतः पाहिले" असं लिहिलंय, कारण त्यांनी पाहिलंय, ते त्या खोलीत होते. मी त्यांना म्हणलं, तात्या पण तिथं होते ना दादा? त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काही न बोलता आत गेले. अजून ठरलेलं नाही. पुढच्या एकादशीला पुन्हा बसायचंय.

मी आता वेगळी वही केलीय. डाव्या पानावर आठवण, उजव्या पानावर कुणी सांगितली, ते तिथं होते का, किती वर्षांचे होते, आणि दुसऱ्या कुणी वेगळं सांगितलं असेल तर ते. तेरणेच्या पानावर काहील पण आहे, म्हैस पण आहे आणि काकूंच्या सासूचं पाण्यावरून चालणं पण आहे, "ऐकलेले" म्हणून. अक्का म्हणाल्यात की हरभरा काढून झाला की परत ये, अजून बरंच हाय.

काल रात्री साडेअकराला तात्यांचा फोन आला. तात्या नऊला झोपणारा माणूस, मी घाबरूनच उचलला. म्हणाले, "मास्तर, लिव्हलंस का ते? नऊ दिवस न्हवं. धा. मधी एक दिस मी पीठ आणायला गावाकडं आलतो, त्यो धरलाच न्हाई बघ मी. म्हाराज धा दिस हुते तितं. आत्ताच्या आत्ता नीट कर." मी उठलो, लाईट लावला आणि वहीत नऊ खोडून दहा केलं. ते फोनवर तसेच थांबले होते. केलं का, म्हणाले. केलं, म्हणलं.